नव्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये पहिले जेवण: टेबल राखण्यापासून बिलापर्यंत

नवे इटालियन रेस्टॉरंट उघडले की तेथे जेवून येण्याची घाई होते, आणि परतताना पुष्कळांच्या तोंडी एकच वाक्य असते: चव बरी होती, पण मजा आली नाही. बऱ्याच अनुभवानंतर माझे मत असे झाले आहे की यात दोष जितका स्वयंपाकघराचा असतो तितकाच आपल्या ऑर्डरचाही असतो. इटालियन जेवण पाळीपाळीने यायचे असते, त्यातला जवळपास प्रत्येक पदार्थ आचेवरून उतरल्यानंतर मोजकी मिनिटेच उत्तम स्थितीत असतो, आणि घटक इतके थोडे असतात की चूक झाली तर ती झाकायला मसाल्याचा आधार मिळत नाही. म्हणून पहिल्या भेटीत मेन्यूवरचे सर्वांत साधे पदार्थ मागवावेत आणि तेही एकदम न मागवता टप्प्याटप्प्याने मागवावेत, असे मी सुचवतो. हे प्रत्यक्षात कसे करायचे ते घरातून निघण्याआधीच्या फोनपासून सांगतो.

केव्हा जावे आणि फोनवर काय विचारावे

उघडल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे स्वयंपाकघर स्वतःच शिकत असते. लाकडावर पेटणारी विटांची भट्टी असेल तर ती सुरुवातीला कित्येक दिवस मंद जाळावर वाळवावी लागते, कारण बांधकामातली ओल एकदम तापली तर भट्टीला तडे जातात. ती वाळल्यावरही तिचा कोणता कोपरा जास्त तापतो आणि जाळ कोणत्या बाजूला सरकवला की पिझ्झ्याचा तळ व वरची बाजू एकाच वेळी होते, हे पिझ्झा करणाऱ्याला शेकडो पिझ्झे भाजूनच उमगते. पिठाचेही तसेच आहे. तेच पीठ, तेच यीस्ट आणि तेच पाणी असले तरी खोलीची उष्णता बदलली की फुगण्याचा वेळ बदलतो. समोरच्या दालनात टेबलांचे क्रमांक वाढप्यांच्या अंगवळणी पडलेले नसतात, एखादे चीज पुरवठादाराकडून आलेले नसते आणि मेन्यूवरील दोन-चार पदार्थ केवळ कागदावरच असतात.

त्यामुळे उद्घाटनाच्या आठवड्यात जायचेच असेल तर सहनशीलता सोबत न्यावी, आणि जेवणाचाच आनंद हवा असेल तर महिनाभर थांबावे. सुट्टीच्या दिवसाची संध्याकाळ टाळून आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, रेस्टॉरंट उघडल्यावर पहिल्या तासाभरात पोहोचणे मला सर्वांत सोयीचे वाटते. त्या वेळी स्वयंपाकी ताजेतवाने असतात आणि प्रश्नांची उत्तरे द्यायला वाढप्याला सवड असते.

टेबल राखून ठेवण्यासाठी फोन कराल तेव्हा किती जण येणार एवढेच सांगून फोन ठेवू नये. मेन्यूतले सगळे पदार्थ सध्या मिळतात का, पास्ता तेथेच केला जातो की वाळवलेला वापरतात, आणि आपल्यापैकी कोणाला काही खायचे नसेल तर त्याची सोय होईल का, एवढे तीन प्रश्न पुरतात. उत्तर काय येते यापेक्षा ते कसे येते याकडे माझे लक्ष असते. ‘विचारून सांगतो’ म्हणून दोन मिनिटांनी नेमके उत्तर देणारी जागा ‘सगळे मिळते’ असे झटक्यात सांगणाऱ्या जागेपेक्षा अधिक भरवशाची निघते. वाळवलेला पास्ता वापरणे हा काही कमीपणा नव्हे, हे येथेच सांगून ठेवतो. ड्युरम गव्हाच्या रव्याचा, अंड्याविना केलेला वाळवलेला पास्ता ही दक्षिण इटलीची स्वतंत्र परंपरा आहे आणि वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाचाच असावा असे इटलीच्या १९६७ च्या कायद्यानेच ठरवून दिले. अंडे घालून लाटलेला ताजा पास्ता ही प्रामुख्याने उत्तरेकडची रीत आहे. स्पगेटी वाळवलेली असावी आणि रुंद पट्ट्यांची ताल्यातेल्ले ताजी असावी, ही अपेक्षा रास्त आहे.

मेन्यू कसा वाचावा

पूर्ण इटालियन मेन्यूचे पाच भाग असतात. आधी अंतिपास्ती, मग प्रीमी, मग सेकोंदी, त्यांच्या जोडीला कोंतोर्नी आणि शेवटी दोल्ची. अंतिपास्ती या शब्दाचा पास्त्याशी संबंध असावा असे पुष्कळांना वाटते, पण त्यातला ‘पास्तो’ म्हणजे जेवण. तेव्हा अंतिपास्तो म्हणजे जेवणाआधीचे खाणे. त्यात भाजलेल्या पावावर टोमॅटो घातलेली ब्रुस्केत्ता, चीज, मुरवलेले मांस, तेलातल्या भाज्या असे पदार्थ येतात. प्रीमी म्हणजे पहिले पदार्थ: पास्ता, रिसोत्तो (स्टॉकमध्ये, म्हणजे भाज्यांच्या किंवा मांसाच्या उकळलेल्या पाण्यात घोटून शिजवलेला तांदूळ), न्योक्की (बहुधा बटाट्याचे छोटे, उकडलेले गोळे), सूप. सेकोंदी म्हणजे दुसरे, अर्थात मांस किंवा मासे, आणि त्यांच्यासोबत काही येईलच असे नसते. भाजी, सॅलड किंवा बटाटे हवे असतील तर ते कोंतोर्नीमधून वेगळे मागवावे लागतात. पहिल्यांदा जाणारे हमखास फसतात ते येथेच. कोंबडीचा तुकडा प्लेटमध्ये एकटाच आला म्हणून रागावण्यात अर्थ नाही, ती पद्धतच आहे. पिझ्झा या पाच भागांत बसत नाही, कारण इटलीत तो बहुतेक वेळा स्वतंत्र जेवण म्हणून आणि प्रत्येकाला एक असाच खाल्ला जातो.

मेन्यूची लांबी हीसुद्धा एक माहिती असते. नव्या स्वयंपाकघराने पंचवीस प्रकारचे पास्ता आणि तितकेच पिझ्झे मांडले असतील तर बरेचसे सॉस आधी करून ठेवलेले आहेत असे समजायला हरकत नाही. सहा-सात पास्ता, एक-दोन रिसोत्तो आणि आठ-दहा पिझ्झे असलेला मेन्यू पाहिला की मला धीर येतो. तसेच फेत्तुचिने आल्फ्रेदो (लोणी आणि चीजच्या सॉसमधला पास्ता), लसणाचा पाव आणि सीझर सॅलड हे त्रिकूट दिसले की त्या जागेचा कल अमेरिकेत रुजलेल्या इटालियन खाण्याकडे आहे हे ओळखावे. आल्फ्रेदोचा जन्म रोममधला असला तरी मलईदार रूपात तो अमेरिकेतच वाढला, आणि सीझर सॅलड तर मेक्सिकोतल्या तिहुआना शहरातले आहे. हे पदार्थ वाईट नसतात, पण मागवताना आपण काय मागवतो आहोत याची कल्पना असावी.

उच्चारांबाबत देवनागरी वाचणाऱ्याला संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण इटालियन भाषा बरीचशी लिहिली जाते तशीच बोलली जाते आणि जोडाक्षरांचा आघात आपल्या जिभेला सवयीचा आहे. ब्रुशेटा नव्हे, ब्रुस्केत्ता; ग्नोची नव्हे, न्योक्की; टॅगलियाटेल नव्हे, ताल्यातेल्ले. वाढप्याने चुकीचा उच्चार केला तर त्याला दुरुस्त करायला जाऊ नये. पदार्थ येईपर्यंत संबंध चांगले राहिलेले बरे.

दोन नावे मात्र खरोखर घोळ घालतात. ‘पेपरोनी’ हा मधला ‘प’ एकेरी असलेला शब्द इटालियनमध्ये ढोबळ्या मिरचीसाठी आहे, तर त्याच ध्वनीचे मसालेदार सॉसेज ही अमेरिकेतली गोष्ट आहे; त्यामुळे मेन्यूत हा शब्द दिसला की मिरची की मांस, हे विचारूनच घ्यावे. दुसरे नाव मारिनारा. यात समुद्राचा उल्लेख असला तरी मारिनारा पिझ्झ्यावर मासा नसतो आणि चीजही नसते. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि ऑलिव्ह तेल, एवढेच.

खाण्याचे पथ्य असेल तर

हा भाग मी लांबवतो, कारण मेन्यूवरचे हिरवे चिन्ह येथे पुरेसे पडत नाही. शाकाहारी माणसाच्या दृष्टीने इटालियन जेवणातली सर्वांत मोठी अडचण मांसाची नसून चीजची असते. पार्मिजानो रेज्जानो हे चीज नियमानुसार दूध, मीठ आणि वासराच्या जठरातून मिळणारे, दूध गोठवणारे रेनेट एवढ्याच घटकांपासून बनते. वनस्पतीजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट वापरले तर त्याला ते नावच देता येत नाही. ग्राना पादानोतही वासराचेच रेनेट असते आणि पेकोरीनो रोमानोत कोकराचे. म्हणजे हे नाव खरे असेल तर ते चीज काटेकोर शाकाहारात बसत नाही, आणि स्वयंपाकघर जितके अस्सलतेचा आग्रह धरणारे तितकी ही अडचण मोठी. याउलट, युरोपबाहेर नुसत्या ‘पार्मेझान’ नावाने विकली जाणारी कडक चीज अनेकदा सूक्ष्मजीवांच्या रेनेटची असतात. मोझारेला आणि आत मलई भरलेली बुर्राता ही चीज दोन्ही प्रकारे बनतात, म्हणून तेथे वेष्टनावर काय लिहिले आहे ते स्वयंपाकघरातून पाहून यायला सांगावे.

त्यामुळे ‘हे व्हेज आहे का?’ हा प्रश्न येथे कुचकामी ठरतो. वाढपी प्लेट डोळ्यांसमोर आणतो, त्यात मांसाचा तुकडा दिसत नाही आणि तो मनापासून ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी घटक विचारावेत: यात कोणते चीज आहे, त्याचे रेनेट कशाचे आहे, रिसोत्तोचा स्टॉक भाज्यांचा आहे की कोंबडीचा, टोमॅटोच्या सॉसमध्ये अँकोव्ही मासा घातला आहे का. पुत्तानेस्का सॉसमध्ये अँकोव्ही बहुधा असतेच. मिलानच्या पद्धतीच्या केशरी रिसोत्तोत परंपरेने हाडांतली मज्जा जाते. मिनेस्त्रोने हे भाज्यांचे सूप असले तरी त्यात पान्चेत्ता, म्हणजे डुकराच्या पोटाचे मुरवलेले मांस, परतलेले असू शकते. ग्वान्चाले हे डुकराच्या गालाचे मांस, प्रोशुत्तो त्याच्या मांडीचे, मोर्तादेल्ला डुकराचेच सॉसेज आणि ब्रेझाओला बहुतेक वेळा गोमांस. ही नावे पाठ असलेली बरी, कारण मेन्यूत पुढे खुलासा असेलच असे नाही.

दुधाचे पदार्थही चालत नसतील तर मारिनारा पिझ्झा आणि आल्यो ए ओल्यो, म्हणजे लसूण, ऑलिव्ह तेल आणि तिखट मिरचीची स्पगेटी, हे दोन पदार्थ मुळातच चीजविना आहेत. तरी ‘वरून चीज भुरभुरू नका’ असे सांगावे लागते, कारण हात सवयीने चालतो. सुक्या मेव्याची ॲलर्जी असणाऱ्याने जेनोव्हा पद्धतीचे पेस्तो, म्हणजे तुळशीची हिरवी चटणी, टाळावे. त्यात पाइनचे दाणे असतातच, आणि खर्च वाचवण्यासाठी काही ठिकाणी काजू किंवा अक्रोडही वाटले जातात. ग्लूटेन, म्हणजे गव्हातले प्रथिन, चालत नसणाऱ्यांसाठी तांदळाचा रिसोत्तो आणि मक्याची पोलेंता हे सोपे पर्याय दिसतात, पण स्टॉकच्या तयार वड्यांमध्ये गहू असू शकतो, ग्लूटेनविरहित पास्ता त्याच पाण्यात उकळला तर त्याचा उपयोग राहत नाही, आणि पिझ्झ्याच्या भट्टीजवळ तर पीठ हवेतच उडत असते. सीलियाक, म्हणजे ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार, असलेल्या व्यक्तीने हे तिन्ही मुद्दे फोनवरच विचारून मगच घराबाहेर पडावे.

ऑर्डर: काय, किती आणि कोणत्या क्रमाने

एकदा आम्ही चौघे अशाच एका नव्या जागी गेलो आणि भूक लागलेली असल्यामुळे सगळी ऑर्डर एका दमात सांगून मोकळे झालो. पंधरा-वीस मिनिटांत ब्रुस्केत्ता, दोन पिझ्झे, एक पास्ता आणि रिसोत्तो असे सगळे एकत्रच आले. टेबलावर जागा उरली नाही म्हणून पाण्याच्या बाटल्या खाली ठेवाव्या लागल्या, पिझ्झा गरम आहे तोवर खाऊन घेऊ असे ठरले, आणि रिसोत्तोकडे वळलो तेव्हा त्यात चमचा उभा राहिला. स्वयंपाक्याने तो नीटच केला असावा. आम्हीच त्याला दहा मिनिटे ताटकळत ठेवले.

यातून शिकलेली रीत अशी. बसल्यावर आधी अंतिपास्ती सांगावी आणि त्याच वेळी ‘पुढचे पदार्थ पाळीपाळीने आणा, आधीच्या प्लेटा उचलल्यावरच पुढचे सुरू करा’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. नव्या जागी हे न सांगता घडेल अशी अपेक्षा ठेवू नये. रिसोत्तो हवा असेल तर तो मात्र अंतिपास्तीसोबतच सांगून टाकावा, कारण कच्च्या तांदळापासून तो व्हायला सोळा ते अठरा मिनिटे लागतात आणि आधीचे परतणे व शेवटचे लोणी-चीज घोटणे धरले तर वीस मिनिटांच्या आत तो येऊ नये. पुष्कळ व्यावसायिक स्वयंपाकघरे तांदूळ अर्धवट शिजवून ठेवतात आणि ऑर्डर आल्यावर पूर्ण करतात. ते चालण्यासारखे आहे, परंतु पाच मिनिटांत आलेला रिसोत्तो नुसता गरम केलेला असतो. वाळवलेल्या पास्त्याला जाडीप्रमाणे आठ ते बारा मिनिटे, ताज्याला दोन-तीन मिनिटे आणि लाकडाच्या भट्टीतल्या नेपल्सच्या पिझ्झ्याला साठ ते नव्वद सेकंद लागतात. एवढे वेळ लक्षात असले की कोणता पदार्थ कधी सांगायचा हे आपोआप ठरते.

प्रमाणाबद्दल बोलायचे तर दोघांसाठी एक अंतिपास्तो, एक पास्ता, एक पिझ्झा आणि शेवटी एक गोड पदार्थ पुरेसा होतो. पिझ्झा आणि पास्ता एकत्र न मागवता आधी एक मागवून वाटून खावा, मग दुसरा सांगावा. पास्त्याची इटालियन वाटणी साधारण ऐंशी ते शंभर ग्रॅम कोरड्या पास्त्याची असते, म्हणजे पुढे सेकोंदी येणार हे गृहीत धरून ठेवलेली. प्लेट लहान वाटली तर ती फसवणूक नव्हे. चौघे असाल तर एकच पास्ता दोन वेगवेगळ्या प्लेटांमध्ये वाटून आणायला सांगता येतो, आणि चांगले स्वयंपाकघर ते आनंदाने करते.

आता साध्या पदार्थाविषयी. मार्गेरिता पिझ्झा, टोमॅटो-तुळशीची स्पगेटी, आल्यो ए ओल्यो, काच्यो ए पेपे: यांपैकी एक तरी पहिल्या भेटीत असावाच. ट्रफल या अळंबीचे तेल, तीन प्रकारचे चीज आणि क्रीम घातलेला पास्ता कुठेही बरा लागतो, म्हणून त्यावरून स्वयंपाक्याच्या हाताबद्दल काहीच कळत नाही. मार्गेरितेत मात्र पीठ, टोमॅटो, मोझारेला, तुळस आणि तेल यांशिवाय काही नसते, आणि प्रत्येकाचा जाब वेगळा घेता येतो.

प्लेट समोर आल्यावर

काच्यो ए पेपे हा रोमचा पदार्थ घ्या. पेकोरीनो रोमानो, मिरी, पास्ता आणि ज्यात तो उकळला ते पाणी, एवढेच त्यात असते. पाण्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो आणि तोच चीजला गुठळ्या होऊ न देता सॉसमध्ये धरून ठेवतो. आच थोडी जास्त झाली की चीजमधली प्रथिने आकसून एकत्र येतात, रबरासारखे गोळे होतात आणि बाजूला पाणी सुटते. म्हणून अनुभवी स्वयंपाकी कढई आचेवरून उतरवूनच चीज घालतो. प्लेट आली की काट्याने दोन दोरे उचलून पाहावे. त्यांवर दाट सायीसारखा चकचकीत लेप असेल आणि प्लेटच्या तळाशी पाण्याचे तळे नसेल तर त्या स्वयंपाकघराबद्दल निश्चिंत व्हावे. काही ठिकाणी या अडचणीतून क्रीम घालून सुटका करून घेतात. जिभेवर दुधाळ गोडसरपणा रेंगाळतो तेव्हा ते कळते. कार्बोनाराचेही असेच आहे. त्यात अंडे, पेकोरीनो, ग्वान्चाले आणि मिरी असते, क्रीम नसते.

पिझ्झ्याबाबत आधी तो कोणत्या घराण्याचा आहे हे पाहावे. नेपल्सचा पिझ्झा युरोपीय संघाने २०१० साली पारंपरिक पदार्थ म्हणून नोंदवला आणि त्याच्या नियमांत व्यास पस्तीस सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावा, कडेची फुगलेली किनार एक ते दोन सेंटिमीटरची असावी, भट्टीचा तळ सुमारे ४८५ अंश सेल्सियस तापलेला असावा असे तपशील आहेत. पिझ्झा करणाऱ्यांच्या तेथील कलेला २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. असा पिझ्झा मऊ, चार घड्या घालता येण्याजोगा आणि मध्यभागी ओलसर असतो. त्याला ‘कच्चा राहिला’ म्हणून परत पाठवणे ही नव्या जागी नेहमी होणारी चूक आहे. कुरकुरीत, पातळ तळ हवा असेल तर तो रोमच्या पद्धतीचा, आणि ऑर्डर देतानाच तसे विचारायला हवे. कोणत्याही पद्धतीचा असला तरी एक तुकडा उलटा करून खालची बाजू पाहावी. तेथे बिबट्याच्या अंगावर असतात तसे लहान, काळसर ठिपके विखुरलेले दिसले तर भट्टी नीट तापलेली होती. संपूर्ण तळ फिकट पांढरा असेल तर नव्हती. आणि सलग काळा असेल तर तळाला लागलेले कोरडे पीठ झाडलेले नव्हते. किनार कापून आत पाहिली तर मोठी, असमान पोकळी दिसावी. ती भाकरीसारखी घट्ट असेल तर पिठाला फुगायला वेळ मिळालेला नाही.

रिसोत्तोची परीक्षा सर्वांत सोपी आहे. प्लेट हलकेच तिरपी करावी. तो लाटेसारखा सावकाश सरकला पाहिजे, आणि दाणा चावताना मध्ये किंचित प्रतिकार लागला पाहिजे. डोंगरासारखा ढीग रचून आलेला रिसोत्तो एक तर थांबून राहिलेला असतो किंवा त्यातले पाणी कमी पडलेले असते.

बोलोन्या या उत्तर इटलीतल्या शहराच्या रागूबद्दल एक सांगण्यासारखे आहे. हा मांसाचा सॉस तेथे स्पगेटीवर नव्हे तर ताल्यातेल्लेवर घालतात, कारण रुंद, खरखरीत पट्टीला तो धरून राहतो आणि गोल, गुळगुळीत स्पगेटीवरून निसटून तळाशी जमतो. शिजलेल्या ताल्यातेल्लेची रुंदी आठ मिलिमीटर असावी असा नमुना बोलोन्याच्या वाणिज्य मंडळाकडे १९७२ पासून नोंदलेला आहे. मेन्यूत दोन्ही असतील तर ताल्यातेल्ले मागवावी.

खाताना

लांब पास्ता सुरीने कापू नये. काट्यात फक्त तीन-चार दोरे घ्यावे, काट्याची टोके प्लेटच्या उतरत्या कडेला टेकवावी आणि जागच्या जागी फिरवावा. जास्त दोरे घेतले की गुंडाळी तोंडात मावत नाही, हेच सगळ्या फजितीचे मूळ आहे. चमच्याचा आधार घेतला तर कोणी शिक्षा करत नाही, पण त्याची गरज पडू नये. पिझ्झा इटलीत टेबलावर बसून काट्या-सुरीने खातात आणि हातानेही खातात. मधला भाग ओला असताना काटा-सुरीने सुरुवात करून किनारीपाशी हाताने उचलणे सोयीचे पडते. मासे किंवा शिंपले असलेल्या पास्त्यावर चीज घालण्याची तेथे पद्धत नाही, कारण त्यांची नाजूक चव चीजपुढे टिकत नाही. प्लेटमध्ये उरलेला सॉस पावाच्या तुकड्याने पुसून खाण्याला ‘स्कार्पेत्ता’, म्हणजे छोटा बूट, असे लाडके नाव आहे. औपचारिक मेजवानीत तो टाळतात, एरवी स्वयंपाक्याला त्याच्याइतकी दुसरी पावती नाही.

काही बिनसले तर

तक्रार दुसऱ्या-तिसऱ्या घासालाच करावी. अर्धी प्लेट संपवून नावड सांगितली तर स्वयंपाकघराला दुरुस्तीची संधी राहत नाही आणि आपल्या शब्दालाही वजन राहत नाही. ‘बरोबर झालेले नाही’ असे मोघम न म्हणता ‘पास्ता मध्ये कोरडा लागतो आहे, दोन मिनिटे आणखी शिजवून देता का?’ किंवा ‘सॉसमध्ये मीठ फार झाले आहे, दुसरी प्लेट मिळेल का?’ असे विचारावे. मात्र त्याआधी एकदा खात्री करावी. अल देंते म्हणजे दाताला किंचित लागेल इतपत शिजलेला पास्ता. तो चावला असता मध्ये कोरड्या पिठाची चव आली आणि पांढरा, खडूसारखा ठिपका ठळक दिसला तर तो कच्चा, आणि नुसता तट्ट लागला तर तो जसा हवा तसाच आहे. मऊ आवडत असेल तर ऑर्डर देतानाच तसे सांगण्यात कमीपणा नाही.

नव्या जागेचे एक बरे असते, की तेथील मंडळी अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत असतात. मी एकदा तळ फिका राहिल्याचे सांगितले तेव्हा पिझ्झा करणारा स्वतः टेबलापाशी आला, तुकडा उलटा करून पाहिला आणि काही न बोलता नवा भाजून घेऊन आला. तोही थोडा फिकाच होता, पण पहिल्यापेक्षा बरा.

गोड आणि कॉफी

तिरामिसूमध्ये मास्कारपोने चीज, कॉफीत बुडवलेली सावोयार्दी बिस्किटे आणि कोको असतो. त्यात परंपरेने कच्ची अंडी असतात आणि पुष्कळदा मद्यही असते, तेव्हा गर्भवती स्त्रियांनी आणि लहान मुलांसाठी मागवणाऱ्यांनी आधी विचारावे. पान्ना कोत्ता ही मलईची मिठाई प्राण्यांपासून मिळणाऱ्या जिलेटिनने जमवलेली असते, म्हणून ती शाकाहारात बसेलच असे नाही. इटालियन माणूस कॉफी गोडासोबत नव्हे तर गोडानंतर घेतो, आणि ती एस्प्रेसो असते. दूध घातलेली कापुचिनो तेथे सकाळची समजली जाते. ‘लात्ते’ एवढेच म्हटले तर इटलीत पेलाभर दूध समोर येते, हे प्रवासाला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. जेवणानंतर कापुचिनोच हवी असेल तर खुशाल मागवावी.

बिल आणि उरलेले अन्न

बिल आले की आधी टेबलाचा क्रमांक आणि पदार्थांची संख्या पाहावी; नव्या जागी शेजारच्या टेबलाचा पिझ्झा आपल्या बिलात येणे अगदी साधी गोष्ट आहे. बुडबुड्यांचे पाणी, वरून मागवलेले चीज आणि न मागता आलेली पावाची टोपली यांचे पैसे लावले आहेत का तेही पाहावे. इटलीत बसण्याबद्दल माणशी आकारली जाणारी ‘कोपेर्तो’ ही रक्कम बिलात वेगळी दिसते आणि ती बक्षिसी नसते. इतरत्र एखाद्या इटालियन रेस्टॉरंटने ती लावली असेल तर मेन्यूत तसे लिहिलेले असायला हवे. अख्खा मासा किंवा फ्लोरेन्सचा हाडासहित स्टेक यांसारखे पदार्थ वजनावर विकले जातात आणि मेन्यूतला आकडा अनेकदा शंभर ग्रॅमचा असतो, म्हणून ऑर्डर देतानाच कच्चे वजन विचारून घ्यावे.

उरलेले बांधून घेताना निवड करावी. पिझ्झा घरी नेण्यासारखा असतो: जाड तव्यावर तेल न घालता मध्यम आचेवर तुकडे ठेवावे, तळ कडक होऊ लागला की कडेला पाण्याचे चार थेंब टाकून झाकण घालावे आणि चीज वितळताच उतरवावे. टोमॅटोच्या सॉसचा पास्ता कढईत थोडे पाणी घालून पुन्हा जिवंत होतो. कार्बोनारा आणि काच्यो ए पेपे मात्र गरम करायला गेले की फुटतात, ते तेथेच संपवावे. रिसोत्तो उरला तर सकाळपर्यंत फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यावा, मग त्याचे गोळे वळून मध्ये मोझारेलाचा तुकडा भरावा, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळावे. सिसिलीत अशा तळलेल्या गोळ्यांना आरान्चीनी म्हणतात, आणि त्यासाठी तो घट्ट झालेलाच बरा.